फुल क्रीम, टोन्ड की लो-फॅट? घरासाठी दूध-दही निवडताना

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात आला आणि त्यात एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक छापलेला दिसला, की बहुतेक घरांत पहिली संक्रांत येते ती दुधा-तुपावर. फुल क्रीमची पिशवी बंद होऊन डबल टोन्ड सुरू होते. तुपाचा डबा वरच्या फळीवर जातो. आठवड्याभरात फ्रिजमध्ये ‘लो-फॅट’ लिहिलेले स्ट्रॉबेरी योगर्टचे कप येतात, पोळीला लावायला ‘लाइट’ स्प्रेड येतं आणि चहासोबत ‘हेल्दी’ बिस्किटं. हेतू चांगलाच असतो, पण यातली बरीच खरेदी हृदयाच्या काही कामाची नसते आणि काही तर उलटी पडते.

दुधातली फॅट कमी करावी की नाही, याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: ती काढल्यावर पोटात तिच्या जागी काय जातं? लोण्या-तुपातली फॅट कमी करून ती जागा शेंगदाणा, करडई किंवा मोहरीच्या तेलाने, दाण्यांनी, डाळी-कडधान्यांनी घेतली तर एलडीएल खाली येतं. तीच जागा साखरेने आणि मैद्याने घेतली तर हाती फारसं काही लागत नाही, वर ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा दुसरा प्रकार) वाढायची धास्ती. बाकी सगळे निर्णय यावरून घ्यायचे.

पहिली पायरी: पिशवीवरचं बारीक अक्षर वाचा

पिशवीबंद दुधाचे प्रकार अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांनुसार फॅटवर ठरतात. फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५ आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त अर्धा टक्का. पिशवीचा रंग पाहून घेऊ नका. एका डेअरीची निळी पिशवी टोन्डची असली म्हणून दुसरीचीही असेलच असं नाही. छापलेलं नाव आणि फॅटचा आकडा, एवढंच बघा.

गाईचं दूध घेत असाल तर त्यात साधारण साडेतीन टक्के फॅट असते; आपल्याकडे संकलन केंद्रावर शेतकऱ्याचा दर ठरतो तोही ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरूनच. म्हणजे ‘गाईचं घ्यावं की टोन्ड’ हा वाद फॅटपुरता तरी जेमतेम अर्ध्या टक्क्याचा आहे. सुटं म्हशीचं दूध मात्र ६-७ टक्क्यांचं, कधी त्याहूनही वरचं. जनावराची जात, चारा आणि वेताचा काळ यांप्रमाणे ते हलत राहतं.

एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग: प्रथिनं, दुधाची साखर, कॅल्शियम आणि इतर क्षार. टोन्डमध्ये तो किमान ८.५ टक्के आणि डबल टोन्डमध्ये ९ टक्के असावा लागतो. त्यामुळे ‘टोन्ड म्हणजे पाणी घातलेलं दूध, त्यात कस नाही’ हा समज टिकत नाही. प्रथिनं आणि कॅल्शियम सगळ्या प्रकारांत जवळपास सारखंच मिळतं: १०० मिलीलिटरला तीन ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि १०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम.

टोन्ड दूध आलं कुठून, हेही माहीत असलेलं बरं, कारण ते मुंबईचंच आहे. १९४० च्या दशकात शहराला दूध पुरत नव्हतं. तेव्हा आरे कॉलनीच्या उभारणीत पुढे असलेले मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात स्किम्ड दुधाची पावडर आणि पाणी मिसळून टोन्ड दूध तयार करवलं. प्रथिनं राखून दूध वाढावं, स्वस्त व्हावं आणि गरिबाच्या पोरालाही मिळावं, हा त्यामागचा विचार. पुढे १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वजन कमी करण्यासाठी किंवा हृदयरोग्यांसाठी हे दूध कुणी शोधलं नव्हतं. ते भेसळीचं नाही तसंच औषधही नाही. कमी फॅटचं चांगलं दूध, इतकंच.

फॅट काढली की तिच्यासोबत अ आणि ड जीवनसत्त्वंही जातात, ही एक उणीव खरी आहे. म्हणून टोन्ड, डबल टोन्ड किंवा स्किम्ड घेताना पिशवीवर ‘+F’ची खूण शोधा. ही खूण असलेल्या दुधात दोन्ही जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात.

दुसरी पायरी: घरातल्या फॅटचा हिशेब मांडा

चौघांचं घर आहे, रोज एक लिटर फुल क्रीम येतं असं धरू. लिटरमागे ६० ग्रॅम फॅट, म्हणजे माणशी १५. दुधाच्या फॅटचा साधारण ६० ते ६५ टक्के भाग संतृप्त (सॅच्युरेटेड, एलडीएल वाढवणारा) असतो, म्हणजे माणशी नऊ-साडेनऊ ग्रॅम संतृप्त फॅट नुसत्या दुधातून. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की संतृप्त फॅट दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी. २००० कॅलरींच्या आहारात ती मर्यादा २२ ग्रॅमच्या आसपास येते. फुल क्रीमने त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा एकट्याने घेतला. टोन्ड घेतलं तर हाच आकडा पावणेपाचवर येतो.

आता सायीकडे या, कारण आपल्याकडे गोची तिथेच होते. दूध तापवून फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी भाकरीसारखी जाड साय अलगद उचलली, ती सायीच्या भांड्यात टाकली. ‘आम्ही साय काढूनच दूध पितो’ हे तेवढ्यापुरतं खरं. पण आठवड्याने त्या सायीला विरजण लागतं, घुसळून लोणी निघतं, ते कढवून तूप होतं आणि ते तूप त्याच घरात वरणभातावर, पोळीवर, शिऱ्यात खपतं. सकाळी दुधातून काढलेली फॅट संध्याकाळी पानात वाढली गेली. घराचा एकूण आकडा हललाच नाही.

याला सोपा उपाय आहे. तुपाचा डबा भरला की झाकणावर तारीख चिकटवा आणि संपला की पुन्हा बघा. अर्धा किलो तूप चौघांना २० दिवस पुरलं तर माणशी रोज सव्वासहा ग्रॅम झालं. म्हणजे ५५-५६ कॅलरी आणि चार ग्रॅमच्या जवळपास संतृप्त फॅट. टोन्ड दूध आणि एवढं तूप मिळून नऊ ग्रॅमच्या आत बसतं. निरोगी माणसाने यासाठी जीव टांगणीला लावण्याचं कारण नाही. तोच डबा दहा दिवसांत संपत असेल आणि वर दूधही फुल क्रीम असेल, तर कात्री कुठे लावायची ते आपोआप कळतं.

पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असं छापलेलं असेल तर त्या दुधावर जाड साय धरत नाही. फॅटचे थेंब यंत्राने इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगत नाहीत. साय आली नाही म्हणजे फॅट नाही असं समजू नका, ती सगळी दुधातच आहे. असं दूध घेऊन साय काढण्यात काही मिळत नाही, सरळ कमी फॅटची पिशवी घ्या.

चहाचाही हिशेब करून टाकू. एका कपात ६० मिलीलिटर दूध जात असेल तर फुल क्रीमऐवजी टोन्ड वापरून १.८ ग्रॅम फॅट, म्हणजे १६ कॅलरी वाचतात. त्याच कपातली एक चमचा साखर कमी केली तर २० वाचतात. दिवसाला तीन-चार कप घेणाऱ्याने दुधाची पिशवी बदलून साखर तशीच ठेवली, तर सोपं आणि मोठं काम बाजूलाच राहिलं.

तिसरी पायरी: रिपोर्टात नेमकं काय वाढलंय ते पाहा

‘कोलेस्टेरॉल वाढलंय’ एवढ्यावर दूध बदलू नका. रिपोर्टात चार-पाच ओळी असतात आणि त्यांचे उपाय वेगवेगळे असतात.

एलडीएल वाढलेलं असेल तर संतृप्त फॅट कमी करण्याला अर्थ आहे, आणि त्यात क्रम पाळा. सगळ्यात आधी लोणी, मग तूप आणि क्रीम, मग साय, त्यानंतर प्यायचं दूध. दह्याला शेवटी हात लावा. असा क्रम का? दुधातल्या फॅटच्या प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असतं. लोणी काढताना ते फुटतं आणि त्याचा बराच भाग ताकात जातो. हे आवरण शाबूत असलेली फॅट लोण्याइतकं एलडीएल वाढवत नाही, असं आहाराच्या प्रयोगांत दिसलं आहे. तितक्याच फॅटचं चीज खाऊनही एलडीएल लोण्यापेक्षा कमी वाढतं. म्हणजे फॅट किती यासोबत ती कशातून येते हेही मोजावं लागतं. वाटीभर घरच्या दह्यावर बंदी आणि पावावर मात्र लोण्याचा थर, हा उलटा कारभार झाला.

ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) कमी असेल, आणि आपल्या लोकांत ही जोडी फार आढळते, तर पहिला संशय साखर, मैदा, गोड पेयं, ताटातला भाताचा ढीग आणि मद्य यांवर घ्या. इथे फुल क्रीम सोडून गोड लो-फॅट योगर्ट धरणं म्हणजे रोग एकीकडे आणि उपचार दुसरीकडे. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असतील तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि तेव्हा एकूण फॅटवरही बंधन येतं. तो आहार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

एलडीएल १९० किंवा त्याहून वर असेल तर ते घराण्यातून आलेलं असण्याची शक्यता धरावी लागते आणि नुसत्या दुधाच्या बदलाने ते आटोक्यात येत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर पिशवी बदलली म्हणून ती बंद करू नका. हे कळकळीने सांगते, कारण ‘आता दूध डबल टोन्ड आहे, गोळी कशाला’ असं म्हणणारी माणसं पाहिली आहेत.

फुल-फॅटच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो तो ‘प्युअर’ हा अभ्यास. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भारतासह २१ देशांतले सुमारे १ लाख ३६ हजार लोक होते. दिवसाला दोनाहून जास्त वेळा दूध-दही घेणाऱ्यांत, अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं आणि हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसलं. माझ्या मते यावरून एवढंच म्हणता येतं की दूध-दह्याला हृदयाचा वैरी ठरवण्याचं कारण नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. दूध परवडणाऱ्या माणसाला बाकीही बऱ्याच गोष्टी परवडतात. त्यातून ‘तूप-लोणी हवं तेवढं खा’ असा अर्थ निघत नाही.

चौथी पायरी: घरातल्या प्रत्येकाला एकच दूध नको

वर्षाच्या आतल्या बाळाला गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये, आईचं दूध आणि सहा महिन्यांनंतर वरचं अन्न. एक ते दोन वर्षांच्या मुलाला पूर्ण फॅटचं दूध द्या. मेंदू झपाट्याने वाढत असतो, पोट लहान असतं. त्याला डबल टोन्ड देणं चूक आहे, मग घरातले मोठे कितीही डाएटवर असोत. दोन वर्षांनंतर मूल नीट वाढत असेल तर गाईचं किंवा टोन्ड चालतं. किडकिडीत, कमी जेवणाऱ्या मुलाचं दूध मात्र बदलू नका.

आजी-आजोबांच्या बाबतीत अनेक घरांत नको तेवढी काटकसर होते. सत्तरीपुढच्या माणसाची भूक मंदावलेली, वजन उतरत चाललेलं, दात नसल्याने भाकरी-उसळ जात नाही. अशा वेळी सायीचं दही-भात हा त्यांचा आधार असतो. त्यात प्रथिनंही आहेत आणि शक्तीही. ‘बाबा, आता फॅट नको’ म्हणून तोही काढून घेऊ नका. हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा, पण उपाशी ठेवू नका.

वजन कमी करायचं आहे अशा मोठ्या माणसाला टोन्ड किंवा डबल टोन्डचा सरळ फायदा आहे. १०० मिलीलिटरला फुल क्रीम ८५-९० कॅलरी, टोन्ड ६० च्या आसपास, डबल टोन्ड ४५ च्या पुढे. मात्र दूध पातळ लागलं म्हणून अकरा वाजता फरसाण उघडलं जात असेल, तर टोन्डवरच थांबलेलं चांगलं. दुधाने पोट फुगत असेल तर दही आणि ताक सहसा सोसतं, कारण विरजणात दुधाची काही साखर आंबून जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर दुधाचं प्रमाणच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं लागतं.

पाचवी पायरी: ‘लो-फॅट’ पर्याय एकेक करून तपासा

‘लो-फॅट’ हा शब्द छापायचा तर नियमाने घन पदार्थात १०० ग्रॅमला ३ ग्रॅम आणि द्रव पदार्थात १०० मिलीलिटरला १.५ ग्रॅमपेक्षा जास्त फॅट चालत नाही. म्हणजे हा शब्द फॅटबद्दल खरं सांगतो. साखरेबद्दल मात्र तो काहीच बोलत नाही.

फळांच्या चवीचा योगर्टचा कप हातात घ्या आणि पाठीमागचा तक्ता वाचा. साध्या दह्यात १०० ग्रॅमला चार-पाच ग्रॅम साखर दुधाची स्वतःची असते. कपावर ‘एकूण साखर १४ ग्रॅम’ असेल तर नऊ-दहा ग्रॅम वरून घातली, म्हणजे दोन चमचे. ‘अॅडेड शुगर’ची वेगळी ओळही असते, ती शोधा. मग घटकांची यादी वाचा: जे सगळ्यात जास्त ते आधी लिहिलेलं असतं. दुसऱ्या क्रमांकावर साखर असेल तर कप परत ठेवा. घरच्या दह्यात चार फोडी आंबा किंवा केळं कालवलं की याच्यापेक्षा चांगलं आणि स्वस्त काम होतं.

श्रीखंडाची तर फॅट शोधायचीच नाही. नियमांनुसार श्रीखंडात किमान ५८ टक्के घन भाग लागतो आणि त्यातला ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर चालते. म्हणजे १०० ग्रॅममध्ये ४२ ग्रॅमपर्यंत साखर. ‘लो-फॅट श्रीखंड’ घेऊन समाधान मानू नका. पाडव्याला चक्क्याचं खरं श्रीखंड लहान वाटीत, चवीने खा.

आइस्क्रीमच्या शेजारीच तसाच दिसणारा डबा असतो, त्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असतं. त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं, बऱ्याचदा पामतेल. पामतेलही संतृप्त फॅटने भरलेलंच आहे, तेव्हा आरोग्यासाठी म्हणून ते घेण्यात अर्थ नाही. पनीरचंही तसंच. ‘अॅनालॉग’ म्हणून विकलं जाणारं पनीर तेल आणि दूध पावडर किंवा स्टार्च यांपासून बनतं. पाकिटावर हा शब्द लिहावा लागतो, सुट्या पनीरवर तो दिसणार नाही. खऱ्या पनीरच्या घन भागात निम्मी फॅट असते, म्हणजे १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅमच्या पुढे. कमी हवी असेल तर टोन्ड दूध फाडून घरी पनीर करा. उतारा कमी पडतो, तुकडे जरा चिवट होतात, पण भुर्जीला छान लागतं.

वनस्पती तूप आणि मार्गारीन हा साजूक तुपाला पर्याय म्हणून पिढीभर विकला गेला आणि त्यातल्या ट्रान्स फॅटने तुपापेक्षा जास्त नुकसान केलं. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातली ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत असावी असा नियम आहे, ही चांगली गोष्ट झाली. तरीही पोळीला लावायला चमचाभर साजूक तूपच बरं, आणि फोडणीला तेल.

बदामाच्या पेयात कॅलरी कमी असतात, पण प्रथिनंही नावालाच, १०० मिलीलिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. दुधाच्या जवळ जातं ते सोयाचं पेय, तेही बिनसाखरेचं आणि कॅल्शियम घातलेलं. डेअरी व्हाइटनरमध्ये बहुधा साखर असते. प्रवासात ठीक, रोज नको.

सहावी पायरी: स्वयंपाकघरात आधीपासून असलेलं लो-फॅट वापरा

लोणी काढलेलं ताक हा आपला सगळ्यात जुना लो-फॅट पदार्थ आहे आणि त्याला कुठल्याही पाकिटाची गरज नाही. जिरं, आलं, कोथिंबीर घालून दुपारच्या जेवणात पेलाभर घ्या. मीठ बेताने, रक्तदाब असेल तर न घालताच. बाजारी मसाला ताकाच्या पाकिटावर सोडियमचा आकडा बघून घ्या.

टोन्ड दुधाचं दही पातळ होतं ही तक्रार खरी, पण तिला उपाय आहे. दूध उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी दहा मिनिटं ढवळत आटवा. लिटरला दोन मोठे चमचे स्किम्ड दूध पावडर थोड्या दुधात कालवून घाला. बोट सोसवेल इतकं कोमट झाल्यावर चमचाभर विरजण नीट मिसळा आणि भांडं हलवू नका. थंडीत डब्यावर जाड टॉवेल गुंडाळा. हे दही सुरीने कापावं असं लागतं. तेच फडक्यात तीन-चार तास टांगलं की घट्ट चक्का मिळतो. त्यात लसूण, मिरपूड, किसलेली काकडी घाला, पावावरच्या लोण्याची आणि मेयोनीजची जागा तो सहज घेतो. खाली गळलेलं पाणी फेकू नका, कणीक मळायला वापरा. कमी फॅटचं दही कढीत लवकर फुटतं, म्हणून बेसन आधी घुसळून घ्या आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा.

सातवी पायरी: हळूहळू उतरा आणि पुन्हा मोजा

फुल क्रीमवरून एकदम डबल टोन्डवर उडी मारली की घरात चहावरून कुरबुर सुरू होते आणि पंधरा दिवसांत जुनी पिशवी परत येते. आधी दोन आठवडे अर्धं फुल क्रीम, अर्धं टोन्ड एकत्र तापवा. मग पूर्ण टोन्ड. एलडीएल जास्त असणाऱ्याने हवं तर पुढे डबल टोन्ड घ्यावं, बाकीच्यांनी टोन्डवर थांबलं तरी चालेल. याच काळात तुपाच्या डब्यावरची तारीख आणि चहातली साखर यांवर लक्ष ठेवा.

साधारण तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि पहिल्या वेळी उपाशीपोटी केलं असेल तर याही वेळी उपाशीपोटीच. आदल्या आठवड्यात लग्नसराईची जेवणं किंवा ताप आला असेल तर तपासणी पुढे ढकला. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड वेगवेगळे वाचा, आणि डॉक्टरांकडे जाताना दुधाचा प्रकार, रोजचं दूध आणि तुपाचा डबा किती दिवस पुरतो हे एका चिठ्ठीवर लिहून न्या.